दोरी न थांबता

माझी मुलगी बॉक्सिंग शिकते. गच्चीवर तिच्या दोरीच्या उड्या चालल्या होत्या. कपडे वाळत घालता घालता मी विचारलं, "आज भाजी कुठली करू गं?"

सुरुवातीला या प्रश्नाला ती दोरी टाकून नुसता 'काहीही कर' असा हात हलवायची; बोलायला श्वासच उरायचा नाही. आज दोरी चालूच राहिली आणि उत्तर आलं, "भेंडी कर आई, पण मागच्यासारखी चिकट नको, आणि मीठ जरा बघून घाल."

अंग घामाने निथळत असताना आपलं म्हणणं पुरतं सांगता येणं, दमसास म्हणतात तो हाच असावा. माझी तर निम्मी वाक्यं आयुष्यभर घशातच राहिली.

पलीकडच्या गच्चीवरून शेजारच्या काकू म्हणाल्या, "बघा, कशी उलटून बोलते!"

"हो ना," मी म्हटलं, "आणि तेही धाप न लागता!"