आक्कांची रिकामी कळशी

आक्का पहाटे टेकडी चढायच्या तेव्हा त्यांच्या कमरेवर कळशी असायची. जाताना रिकामी आणि उतरतानाही रिकामीच. लग्न होऊन या गावात आले तेव्हा हे पाहून मी मनात म्हटलं, बाईचं डोकं फिरलेलं दिसतंय. पुढं वर्ष उलटायच्या आत मीही तशीच रिकामी कळशी घेऊन त्यांच्या मागं चढायला लागले. तेव्हा डोकं कुणाचं फिरलं होतं, ते तुम्हीच ठरवा.

आमचं गाव भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगराला पाठ टेकून बसलेलं. मी अंबडची, सपाटीवरची. इथं चैत्र लागला की डोंगराचा दगड तापायचा, घरावरचे पत्रे तापायचे आणि त्या पत्र्यांखाली मी तापायचे. नवऱ्यामागं टुमणं लावलं होतं, जालन्याला खोली करू, मला इथं राहायचं नाही. डोकं तर रोज ठणकायचं. शेवटी सासूबाईंनी दवाखान्यात धाडलं. आक्का तिथं नर्स होत्या.

त्यांनी नाडी पाहिली, पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, "घराबाहेर कधी निघाल्ती?"

"परवाच. दळण घेऊन गेल्ते."

"ते दळण निघालं. तू कधी निघाली?"

गोळ्यांची पुडी हातावर ठेवत त्या म्हणाल्या, "उद्या पहाटे कळशी घेऊन ये."

कळशीची युक्ती त्यांचीच. टेकडीवर महादेवाच्या देवळामागं एक झरा होता, त्याचं पाणी गोड अशी ख्याती. आक्का म्हणायच्या, "कमरेवर कळशी असली की बाईला कुणी विचारत न्हाई कुठं चालली. मोकळ्या हातानं निघू दे, सगळं गाव विचारतं." मग मी विचारलं, वर जातोच आहोत तर कळशी भरायची का नाही? तर म्हणाल्या, "भरली की ते काम झालं. उद्या सासू म्हणल, दोन आण." म्हणून आम्ही मोकळ्याच उतरायचो, पायथ्याच्या हापशावर कळशी भरायचो आणि साळसूदपणे घरी जायचो. सासूबाई ते पाणी पिऊन म्हणायच्या, "झऱ्याची सर कशाला न्हाई!"

पहिल्या दिवशी वर पोचले आणि असा वारा आला की पदर डोक्यावरून उडालाच. मी घाईनं सावरायला गेले. आक्का ओरडल्या, "ऱ्हाऊ दे गं! इथं कोण सासरा बसून राह्यला?" पायाखाली गाव, चुलींचा धूर, उत्तरेला एकामागं एक डोंगर. जवळचे काळे, मागचे निळे, त्यांच्या मागचे नुसते धुरकट. एवढं सगळं माझ्या घराच्या मागच्या भिंतीपलीकडं होतं आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. मला रडूच आलं. आक्कांनी मला रडू दिलं आणि मग फुगडीला ओढलं. पन्नाशीची बाई, पण अशी गरगर फिरली की मीच धापा टाकत खाली बसले. हळूहळू गावातल्या आणखी काहीजणी कळश्या घेऊन आमच्याबरोबर चढायला लागल्या. वर आक्कांचा एकच कायदा होता. "इथं सासू-नणंद आणायची न्हाई. कळशी तेवढी आणायची."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आक्कांचं घर बौद्धवाड्यात. सासूबाई इंजेक्शन आक्कांकडूनच घ्यायच्या, "हात लई हलका" म्हणून कौतुक करायच्या. पण आक्कांच्या घरचं पाणी? नाव काढू नका! हे गावात कुणी बोलत नसे, पण पाठ सगळ्यांना होतं.

मग ते कोरडं साल आलं. हापसा खाकरायला लागला, झरा आटला, पारापाशी टँकर उभा राहू लागला. एका सकाळी कळश्यांच्या रांगेत आम्ही सगळ्या उभ्या असताना गावातले एक पुढारी मोठ्यानं म्हणाले, "झरा तर संक्रांतीलाच आटला. मंग तुम्ही बाया कळश्या घेऊन रोज वर कशाला जाऊन राह्यल्या?"

सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

आक्का म्हणाल्या, "वारा खायला. तुम्ही दिवसभर पारावर बसून खाता, तसाच."

माणसं हसली. आक्कांनी कळशी रांगेत ठेवली, मोकळे हात झटकले. "चला गं, कोण येतं?" म्हणाल्या आणि टेकडीकडं चालू लागल्या. कुणी हललं नाही. मला कळत होतं, आज कुणी गेलं नाही तर पुन्हा कधीच जाणं होणार नाही. पण पाय उचलेना.

तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातातली कळशी हिसकली. आता चारचौघांत उद्धार होणार म्हणून मी डोळे मिटले.

"जा," त्या म्हणाल्या. "जल्दी जा. एकटीच चालली ती."

मग त्या वाकल्या, आक्कांची कळशी स्वतःच्या हातानं उचलली आणि आमच्या कळशीला खेटून ठेवली. "दोन्ही भरते मी." सगळी रांग बघत राहिली. मी धावत सुटले, आणि माझ्यामागं बाकीच्या.

सासूबाईंना पुढं कधीतरी मी विचारलं, तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माझे गुडघे तर कळश्या वाहूनच गेले. वर काय हाये ते मला काय ठावं?" जालन्याच्या खोलीचं टुमणं मी कधी सोडलं, ते मलाही आठवत नाही.

अलीकडं आक्कांचेही गुडघे गेले. पायथ्याच्या लिंबाखाली त्या सकाळी बसून असायच्या. गेल्या हिवाळ्यात मी त्यांच्याजवळ बसले होते, तर माझी नवी सून पायात बूट घालून, मोकळे हात हलवत समोरून निघाली.

"कुठं चालली गं?" आक्कांनी मुद्दाम विचारलं.

"कुठं नाही आजी. अशीच."

आक्कांनी माझं मनगट घट्ट धरलं. त्यांचे डोळे भरले होते. "ऐकलं का अंबडकरीण? कुठं न्हाई म्हणली! बिलकुल भ्यायली न्हाई!" दिवसभर भेटेल त्याला त्या हेच सांगत होत्या.

होळीच्या आधी आक्का गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे मी एकटीच टेकडीकडं निघाले, मोकळ्या हातानं. पारावर माणसं होती, हापशावर होती, दारादारात होती. विचारलं तर काय सांगायचं ते मी मनात घोकत चालले होते. कुणी विचारलंच नाही.