पावडरखालचा चांद

जबलपूरच्या गोरखपूर बाजारामागच्या गल्लीत राहणाऱ्या विनता उमाळकर यांचे हात काही वर्षे सारे शहर पाहत होते. विनता उमाळकर कोण, हे मात्र त्या शहराला कधीही ठाऊक झाले नाही. शहराला त्याबद्दल बोल लावण्यात अर्थ नाही. आपल्या नळाला पाणी केव्हा येणार हे ज्याला कळत नाही, त्याने दुसऱ्याच्या हातांची चौकशी कोठून करावी? विनताला शहराकडून काही नकोही होते. तिला हवे होते ते घरातल्या एकाच माणसाकडून, आणि तो माणूस पलंगावर पडून होता.

छत्तीसगढ वेगळे होऊन राज्याची वाटणी झाली, त्याच हिवाळ्यात बाबाराव उमाळकरांच्या देहाचीही वाटणी झाली. उजवी बाजू गेली, डावी राहिली. तोफगाड्यांच्या कारखान्यात ज्यांच्या आवाजाने फिटर दचकत, ते बाबाराव आता मऊ भातासाठी मुलीच्या चमच्याची वाट पाहत. विनता एका खाजगी शाळेत लहान वर्ग शिकवी. शाळेतून आली की वडिलांना उशीला टेकवून बसवायचे, टीव्ही लावायचा आणि घास भरवायचे, यात तिची संध्याकाळ सरे. लग्न राहून गेले होते. त्याबद्दल आता कोणी विचारीतही नसे.

शेजारचा चिंतामणी लग्नांचे व्हिडिओ काढी आणि उरलेल्या वेळात लोकल चॅनेलसाठी दुकानांच्या जाहिराती करी. बाजारातल्या एका बांगडीवाल्या शेठजींना जाहिरात हवी होती, पण चिंतामणीला हात मिळेनात. नाटक मंडळातल्या मुली तोंड दाखवायला एका पायावर तयार. नुसत्या हातांपुरते येणे त्यांना कमीपणाचे वाटे. शेवटी महिला मंडळाच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाची टेप चाळताना कुणाला तरी कुंकू लावणारी बोटे त्याला दिसली आणि तो तडक उमाळकरांच्या दारात उभा राहिला.

"विनताताई, तुमचे हात पाहिजेत."

"काहून? माझे मले लागतात."

"परत आणून देतो ना, दीदी!"

चित्रण त्याच्याच खोलीत झाले. साडीच्या दुकानातून मागून आणलेले काळे मखमल, लग्नाच्या मांडवातले दोन हॅलोजन, आणि साबण लावून चढवलेल्या काचेच्या बांगड्या. दिव्यांनी काच इतकी तापे की मनगट भाजून निघे. विनताच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी चंद्रकोरीसारखा जुना भाजल्याचा डाग होता. तो चिंतामणीने पावडरचे थर देऊन बुजवला.

त्या डागाला घरात 'चांद' म्हणत. लहानपणी उकळत्या दुधाचे पातेले कलंडले, तेव्हा बाबारावांनी सायकल अंगणात टाकून दिली आणि लेकीला कडेवर घेऊन, वाटभर हातावर फुंकर घालीत दवाखाना गाठला. पुढे कितीतरी वर्षे कामावरून आले की ते म्हणत, "दाखव माझा चांद." मग केव्हा तरी म्हणेनासे झाले. कोणत्या दिवशी, हे विनताला आठवत नसे. म्हणेनासे झाले, एवढेच तिच्या ध्यानात राहिले होते.

जाहिरात लागली. काळ्या पडद्यावर दोन हात वर येत, बांगड्या किणकिणत, शेठजींच्या दुकानाचे नाव झळके. बाबाराव तोंडातला घास चावायचे विसरले.

"वा! याला म्हणतात हात."

"बाबा, माझेच आहेत ते."

बाबाराव निम्म्या ओठांनी हसले. "तुझ्या हाताले तर चांद आहे. वाऱ्यानं माझं अंग गेलं, पोरी. डोळे नाही गेले."

चिंतामणीला साक्षीला बोलावता आले असते, पण विनताला साक्षीदार नको होता. वडिलांनी आपण होऊन ओळखावे, एवढीच तिची इच्छा होती. रोज संध्याकाळी ते त्या परक्या हातांचे कौतुक करीत आणि ज्या हाताने घास येई त्याला म्हणत, "भात आज गिचका झाला."

दिवाळीपूर्वी शेठजींनी नवी जाहिरात मागितली. चिंतामणी दिव्यांच्या वायरीत गुंतला असताना विनताने पदराचे टोक ओले करून अंगठ्याच्या बुडाची पावडर पुसून टाकली. चित्रणात चांद लखलखीत उतरला. घाईत चिंतामणीने बांगड्या पाहिल्या, हात पाहिले नाहीत.

लागायच्या संध्याकाळी तिने वडिलांना लवकर बसवले, चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"अच्छा? आज एवढी तयारी काहून करून राहिली?"

"नवी जाहिरात लागणार आहे, बाबा. नीट पाहा हं."

बातम्या संपल्या. मखमलाचा काळा पडदा आला, पहिली किणकिण झाली आणि वीज गेली. त्या वर्षांत ती रोज जाई. जाण्याची वेळ मात्र कधी कोणाला सांगून जात नसे. केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये जनरेटर होता, म्हणून जाहिरात तिकडे इमानेइतबारे चालू राहिली असणार. अंधारात बुडालेल्या घरांसाठी.

विनताने चाचपडत वाटी घेतली. चमचा नीट तोंडाशी यावा म्हणून बाबारावांनी डाव्या हाताने तिचा हात धरला. त्यांचा अंगठा बरोबर चांदावर टेकला होता. तिने हात सोडवून घेतला नाही.

"हुकली," बाबाराव म्हणाले. "त्या बाईचे हात आज पाहायचे राहून गेले."

उद्या दिसेल, असे तिने मनाशी घोकले.

दुसऱ्या दिवशी चिंतामणी खाली मान घालून आला. दुकानात जनरेटर असल्याने शेठजींनी जाहिरात पाहिली होती. "ताई, ते म्हणून राहिले, दागवाले हाथ किसने दिखाए? नवी काढून टाकली. जुनीच चालवणार."

"आणि ती टेप?"

"तिच्यावर कालचंच बारसं घेतलं, दीदी. टेप कमी पडल्या होत्या."

त्या संध्याकाळी वीज गेली नाही. पावडर लावलेले गोरे, नितळ हात पडद्यावर वर आले.

"पाहा, पाहा! कुठली असंल गं ही बाई?"

"इथलीच असेल, बाबा."

"छट्! इथं कुठले असे हात?"

विनताने घास कालवला, चमचा भरला आणि क्षणभर तसाच धरून ठेवला. चमच्याच्या दांड्यावर अंगठा होता, त्याच्या बुडाशी चांद. बाबाराव टीव्हीकडे पाहत होते.

"तोंड उघडा, बाबा," ती म्हणाली.