वाघ भात खाते का, वहिनी?

भाताचा चमचा ताटाकडे आला की भाऊजी हात आडवा धरत. पालथा, चारही बोटं जुळवून, जंगलाच्या गेटाचा बांबू खाली पडावा तसा. आणि मग ते ठरलेलं वाक्य यायचं, "वाघ भात खाते का, वहिनी?"

आता तुम्हीच सांगा, याला काय उत्तर द्यायचं? नाही खात. मी चमचा परत भाताच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, सोडायची आणि त्यांच्या ताटात रस्सा वाढायची.

भाऊजी माझ्या नात्याचे नव्हते. नागझिऱ्याच्या गेटाजवळ माझं जेवणाचं लहानसं दुकान आहे, आणि ते तिथे गाईड. जिप्सीत पुढे बसून पाहुण्यांना जनावर दाखवायचं, हे त्यांचं काम. आमचे मालक होते तेव्हापासूनची ओळख, म्हणून मी वहिनी. जन्मभर त्यांनी भात खाल्ला आणि तोही कसा! डोंगर करून मधोमध खड्डा, खड्ड्यात वरण. आमचा मुलूखच धानाचा. सकाळी बासी भात, दुपारी भात, रात्री भात, ताप आला तर पेज. कोणी पाच पोळ्या खाऊन उठला तरी आम्ही विचारतो, "मग जेवता कवा?"

असा माणूस भातावर का रुसला, ते सांगते.

त्यांची नजर फार तेज होती. वाळल्या पाचोळ्यात निजलेला बिबट्या ते चालत्या गाडीतून दाखवायचे. एक दिवस त्यांनी गाडी थांबवली आणि हळूच म्हणाले, "अस्वल." सगळ्यांनी मोबाईल काढले. पाहतात तर वारूळ. पाहुणे हसले, ड्रायव्हरही हसला. भाऊजी दुकानात येऊन बसले, तर पाण्यालाही हात लावला नाही.

"वहिनी, मले खरंच अस्वल दिसलं जी."

तालुक्याच्या डॉक्टरांनी तपासलं. शुगर होती, जुनीच, फार वाढलेली. ती डोळ्यांवर उतरून राहिली, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या दिल्या, भात कमी करा म्हणाले. भाऊजी पार घाबरले. "मले दुसरं काई येते का? पाहणंच येते. डोरे गेले त मी कायचा गाईड?" डोळ्यांना आमच्याकडे डोरे म्हणतात.

त्याच आठवड्यात नागपूरचा एक धट्टाकट्टा पाहुणा दुकानात जेवायला आला. त्याने नुसतं चिकन मागितलं. पोळी नको, भात नको, कांदासुद्धा नको. भाऊजींनी कारण विचारलं. तो म्हणाला, मी फक्त मांस, मासे आणि अंडी खातो, माझी शुगर पळाली. मोबाईलमध्ये गोऱ्या लोकांचे व्हिडिओही दाखवले. जंगलात सांबराची हाक कान देऊन ऐकायचे, तसे भाऊजी ऐकत राहिले. दुसऱ्या दिवसापासून ताटावर हात आडवा.

त्यांची बायको कौतिका माझ्याकडे भांडायलाच आली. "बाई, तूच रांधून देऊन राहिली ना त्याईले? घरात धानाचे पोते भरून हायेत अन् हा माणूस कोंबडे खाऊन राहिला! मी काय वाघाची बायको हावो का?"

भाऊजी मागून म्हणाले, "वाघीण त हायेसच."

हसू आलं मला, पण खरं सांगते, माझं डोकं गरगरायला लागलं होतं. कारण फरक पडला, हो! पोट उतरलं. जेवल्यावर बाजेवर आडवे व्हायचे, ते बंद झालं. शुगर खाली आली. आणि एका सकाळी पहिल्यासारखे ताठ चालत आले. "वहिनी, बिबट दिसला. अर्जुनाच्या झाडावर, दूर. कोणालेच नाही दिसला, मले दिसला." त्या दिवशी मी माझ्या स्वतःच्या ताटातल्या भाताकडे चोरासारखं पाहिलं. इतकी वर्षं आपण हे विष खाल्लं की काय?

पण मग दुसरी बाजू दिसायला लागली. एक तर सकाळचं पोट साफ होईना. संडासात जाऊन बसले की कौतिकाचं अंगण झाडून, सडा टाकून, चहा होऊन जायचा. मग पायाचा अंगठा सुजला, टमाट्यासारखा लाल. चादर लागली तरी ओरडायचे. तोंडाला वास यायला लागला. मी म्हटलं, "भाऊजी, थोडी पालाभाजी तरी खा." तर पुन्हा तेच, "वाघ..."

एक दिवस दुपारी ते गेटाजवळ बसले आणि बसल्या बसल्या घामाने भिजले. हात थरथर, बोलणं अडखळत. मला दुसरं काही सुचलं नाही, गुळाचं पाणी केलं आणि घोट घोट पाजलं. थोड्या वेळाने डोळे उघडले, आणि बापा, पहिलं वाक्य काय? "गूळ काऊन देल्ला, वहिनी? गोड असते ना!"

डॉक्टरांकडे नेलं, तर ते चिडले. गोळ्यांचा हिशोब भात खाणाऱ्या माणसाचा होता. यांनी भात टाकला, पण गोळ्या तेवढ्याच घेत राहिले आणि कोणाला सांगितलं नाही. साखर पार तळाला गेली. डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या. मग शुगर उतरली ते चांगलं झालं म्हणाले, आणि अंगठा सुजला ते वाईट झालं म्हणाले. किडनी सांभाळा, नुसतं मटण बरं नाही, भाजी खा, थोडा भात खा.

मी विचारलं, "डॉक्टर साहेब, मग खराब काय, भात का मटण?"

"दोन्हीचा अतिरेक, आजी."

अतिरेक म्हणजे किती, ते मी विचारणार होते, पण मागचा पेशंट आत आला. नागपूरच्या पाहुण्याला भाऊजींनी फोन लावला, तर तो म्हणाला, "डॉक्टरांना काही समजत नाही." तुमच्याही गावात असंच असेल. सांगणारे खूप, आणि खाणारा एकटा.

धान कापून झालं, घरात आलं. आमच्याकडे नव्या तांदळाचा पहिला भात देवाला दाखवतात, मग घरातला मोठा माणूस घास घेतो, मग बाकीचे. त्याने खाल्ल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. मलाही जेवायला बोलावलं होतं. भात वाफाळत होता, घरभर वास. कौतिकाने चमचा पुढे केला आणि बांबू खाली पडला. हात आडवा.

"तुमी खासाल तवाच आमी खाऊ," ती म्हणाली आणि समोर बसून राहिली.

"आज खाल्ला त उद्या मले सुटन नाही, कौतिके. माया जीव हाये ना त्याच्यात." आवाज बारीक झाला होता. "पुन्हा वारूळ दिसन मले."

वाफ निवत चालली. मग मला एकदम आठवलं. "भाऊजी, वाघाच्या लेंडीत गवत सापडते, असं तुम्हीच पाहुण्यांना सांगत होते ना?"

ते चमकले. हल्ली ही गोष्ट त्यांनी पाहुण्यांना सांगणं सोडून दिलं होतं, हे मी ऐकलं होतं. "ते जेवण नोहे, वहिनी. पोट साफ कराले खाते."

"मग तुमचं कोणतं साफ होऊन राहिलं?" कौतिका म्हणाली.

हसलो आम्ही सगळे. भाऊजीही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी गंजातून एकच शीत उचललं, भाताचा एक दाणा हो, आणि जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. तेवढं एक शीत ते किती वेळ चावत होते! आम्ही बायका एकमेकींकडे पाहतच राहिलो, हा घास झाला की नाही? शेवटी कौतिका म्हणाली, "झाला," आणि जेवायला बसली. त्या दिवसापासून ते माझ्याकडे पालाभाजी मागायला लागले. भात मात्र नाही.

या उन्हाळ्यात भाऊजी गेले. सकाळी गेटावर निघाले होते, अंगणातच छातीत कळ आली. गावात कोणी म्हणते मटणाने गेला, कोणी म्हणते शुगर तर जुनीच होती, कोणी म्हणते वय झालं होतं. डॉक्टरांनाही मी विचारलं. ते म्हणाले, असं एका गोष्टीवर बोट ठेवता येत नाही. आदल्या दिवशी भाऊजींनी बिबट्या दाखवला होता, हे मात्र ड्रायव्हर शपथेवर सांगतो.

परवा कौतिकाकडे नवा भात झाला. आधी त्यांच्या नावाचं पान वाढलं. तिने कोंबड्याचा रस्सा वाढला, बाजूला पालाभाजी ठेवली. मी भाताचा चमचा भरून पुढे केला, तर तिने पानावर हात आडवा धरला. पालथा, चारही बोटं जुळवून.

"लय नोको टाकू बाई. त्याईले चालत नाही."

मी भरला चमचा तसाच हातात धरून उभी राहिले. वाढू की परत गंजात सोडू, मला काही समजेना.