गिऱ्हाइकासोबतचा अर्धा कप

मंडळी, सकाळी रिपोर्ट आला. थायरॉईड होतंच, आता शुगरही वाढली. भात सोडून तीन महिने झाले, तरी वजन चार किलोनं वर. डॉक्टरांनी विचारलं, "चहा किती?" मी म्हटलं, "दोन कप."

दुपारी देवळी गावातल्या आमच्या कापड दुकानात कप मोजले. टपरीवरून किटलीत साखर घातलेलाच चहा येतो. गिऱ्हाइकांसोबतचे अर्धे कप सात झाले होते.

आठव्याला नाही म्हटलं. नेहमीच्या काकूंनी आपलाही कप खाली ठेवला. "काऊन वं, नाराज आहे का आमच्यावर? तू नाई घेत तं मले बी नको."

मी घेतला. पिताना आई आठवत होती. तिची नजर शुगरनंच गेली.

तुम्ही 'नाही' कसं म्हणता? उद्या सकाळी परत दुकान उघडायचंय.