हळदीच्या गाण्यातली नावं

हेडफोन घातला म्हणून अक्का गायला लागत नसत. आधी तो काढून पदर डोक्यावर नीट घ्यायचा, मग पदरावरून हेडफोन पुन्हा बसवायचा, आणि दारात अनोळखी माणूस उभा असावा तसं माइककडे बघत विचारायचं, "लगीन कोनं शे?"

लग्न कोणाचंच नसायचं. तो माझा स्टुडिओ होता. धुळ्याला देवपुरात आमच्या आबांची, म्हणजे वडिलांची, पिठाची गिरणी आहे, तिच्या मागची खोली. भिंतींवर आईच्या जुन्या गोधड्या ठोकलेल्या. गिरणी सुरू असली की माइकमध्ये ज्वारीच भरडली जायची, म्हणून रेकॉर्डिंग दुपारी, आबा जेवून पडायला घरात जात तेव्हा. मी अहिराणी गाणी करतो, वरातीत डीजेवर वाजतात ती. तुमच्यापैकी कोणी खानदेशातल्या वरातीत नाचलं असेल, तर ते माझ्या ठेक्यावर नाचलं असण्याचा बराच संभव आहे. त्याबद्दल मी माफी मागून ठेवतो.

त्या वर्षी जळगावच्या एका नृत्यगटाला काहीतरी वेगळं हवं होतं. आपल्याकडच्या बायकांची हळदीची गाणी आणि कॉम्प्युटरवरचं संगीत एकत्र करून अर्ध्या तासाचा तुकडा, आणि त्यावर त्यांचं नवं नृत्य. मला एकच ठेका बडवून कंटाळा आला होता, मी हो म्हटलं. गाणारी शोधत नरडाण्याकडच्या एका खेड्यात पोचलो आणि अक्का भेटल्या. सत्तरीच्या, कपाशीच्या निंदणीला जाणाऱ्या. पंचक्रोशीत कुठेही हळद असली की त्यांना बोलावणं यायचंच. एसटीने आल्या त्या भाजलेल्या शेंगांची पिशवी घेऊन.

"लग्न नाहीये अक्का," मी म्हटलं. "तुम्ही नुसतं गा. आहे असं समजा."

"समजीसन कोनी हयद लावस का, भाऊ?"

त्यांचं गाणं साधं होतं. पहिली हळद कोणी लावली, बापाने लावली. दुसरी कोणी लावली, मामाने लावली. प्रत्येक कडव्यात एकेका नातेवाइकाचं नाव घ्यायचं. नावं नसली तर गाणंच उरत नाही, आणि एखादं राहिलं तर भांडण होतं. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या काकूचं नाव घ्यायचं राहून गेलं होतं. बाई जेवायला उठेनात, शेवटी अक्कांनी पंगतीत उभं राहून एक कडवं जास्तीचं म्हटलं, आणि "बठ्ठा उनात", सगळे आले, असं जाहीर केलं, तेव्हा पहिला घास गेला. हे सांगताना त्या स्वतःवरच खूप हसल्या.

"मंग? नवरी कोन?"

तोंडातून बहिणीचं नाव गेलं. "वैशाली. माझी बहीण."

खोटं नव्हतं, पण पूर्ण खरंही नव्हतं. वैशालीचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. जातीबाहेरच्या मुलाशी, कचेरीत, दोन सह्या करून. ती वरणगावला राहत होती. आबांनी तेव्हापासून तिचं नाव घेतलं नव्हतं, आणि आम्ही घेतलं तर ताटावरून उठायचे. तिला हळद लागलीच नाही.

अक्कांना यातलं मी काही बोललो नाही. त्यांनी बापाचं, मामाचं, काकाचं, भावाचं नाव विचारलं, मी सांगत गेलो. मग त्यांनी डोळे मिटले आणि गोधड्या हलतील अशा आवाजात गायल्या, "पहिली हयद कोनी लाई? सुकदेव बापनी लाई." सुकदेव म्हणजे आमचे आबा. मी मान खाली घालून नुसता बटणांशी चाळा करत बसलो.

गाणं परत ऐकवलं तर स्वतःचाच आवाज न ओळखता म्हणाल्या, "हाई बाई कोन शे? नाकमा गास ती."

पुढच्या खेपेला माझी हुशारी ऐकवली. एकदोन ठिकाणी सूर खाली जात होते, ते मी कॉम्प्युटरवर सरळ केले होते. अक्कांनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. "मना आवाजले इस्तरी कराले तुले कोनी सांगं?" मी ते काढलं. मग दुसरा उद्योग दाखवला. आम्ही करतो तसं 'सुकदेव'मधला 'सुक' तेवढा कापून आठ वेळा लागोपाठ वाजवला होता, खाली जोरदार ठेका. मला वाटलं, आता तरी मान डोलावतील.

"नाव मझार तोडू नको, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "मानूस शे तो."

मला आधी रागच आला. बाईला यातलं काय कळतं, असंही मनात आलं. पण चार दिवस कात्री बाजूला ठेवून बघितलं. नाव अख्खं ठेवायचं ठरवलं की ठेका नावामागून चालायला लागतो. पंडित मामाचं कडवं लवकर आटपतं, ज्ञानेश्वर काकांचं लांबतं, आणि गाणं माणसांच्या लांबीरुंदीप्रमाणे पावलं टाकतं. जळगावच्या मुली त्यावर आधी अडखळल्या, मग अशा काही नाचल्या की मी पाहत राहिलो. पुढे त्या कामाचं कौतुक झालं. जुन्या-नव्याचा मेळ मी कसा घातला, असं लोक विचारतात. मी काही घातला नाही. मला एका बाईने कापायला मनाई केली, एवढंच. आजही मी कोणाचं गाणं हाताळतो तेव्हा आधी विचारतो, यातलं माणूस कुठलं. हे शिकवणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही, आणि हे ऋण फिटण्यातलं नाही.

पण ते नंतरचं. काम चालू असताना पंधरा दिवस ते गाणं खोलीत वाजत होतं, आणि दुपार सोडून इतर वेळीही वाजत होतं. भिंतीपलीकडे आबा. गिरणीवर गिऱ्हाईक नसलं की त्यांना सगळं ऐकू जात असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. सुकदेव बापनी लाई, सुकदेव बापनी लाई.

एका संध्याकाळी ते दारात येऊन उभे राहिले. भुवयांवर पीठ. मी घाईने आवाज बंद केला. आता स्टुडिओला कुलूप लागणार असं मला वाटलं.

"आत्यानं नाव राह्यनं," आबा म्हणाले.

"काय?"

"तुनी आत्यानं. जिजाबाईनं. आत्यानं नाव नही, आनि म्हने हयद." एवढं बोलून ते वळले आणि गिरणीत जाऊन पट्टा चढवायला लागले.

यावलची आत्या. घाईत मी तिला विसरलोच होतो. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने अक्कांचं गाव गाठलं. त्या अंगणात लाकडं फोडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं. लग्न तीन वर्षांपूर्वीच झालंय, बाप लेकीशी बोलत नाही, मी तुम्हाला फसवलं. त्यांनी कुऱ्हाड बाजूला ठेवली. मला वाटलं, आता शिव्या बसतील.

"हयदले उशीर व्हस," त्या म्हणाल्या. "ती शियी व्हत नही. आंडेरले बलाव. नवरी नही ते आत्यानं नाव मी लेवाव नही."

हळद शिळी होत नाही, पण लेक समोर बसल्याशिवाय आत्याचं नाव घेणार नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वैशालीला बोलावलं. तीन वर्षांनी ती गिरणीची पायरी चढली, तेव्हा आबा घरात होते. जेवायला म्हणून गेलेले. अक्कांनी तिला माझ्या खोलीत पाटावर बसवलं, आईने वाटीत हळद कालवून आणली. अक्कांनी पदरावरून हेडफोन चढवला, मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

अक्का आता नाहीत. गेल्या थंडीत गेल्या, दोन दिवसांच्या तापाने. त्यांच्या खूप गोष्टी सांगता येतील, पण मला त्यांची आठवण येते ती त्या दुपारची. जिजाबाई आत्याचं कडवं त्यांनी म्हटलं आणि हळदीचं एक बोट वैशालीच्या गालाला लावलं. गाणं संपलं असं समजून मी बटणाकडे हात नेला. त्यांनी मला नजरेनेच थांबवलं. "इकडला व्हयनात. आते तिकडला." मी जावयाचं नाव सांगितलं, त्यांनी ते गायलं. मग हेडफोन एका कानावरून सरकवून विचारलं, "इहीननं नाव काय?"

विहीण, म्हणजे वैशालीची सासू. मला माहीत नव्हतं. तीन वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं, आणि याची मला तिथेच लाज वाटली. वैशालीने सांगायला तोंड उघडलं.

"निर्मलाबाई," मागून आवाज आला.

आबा दारात उभे होते. ते नाव त्यांनी कधी आणि कोणाकडून काढलं होतं, कोण जाणे. अक्कांनी मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी ते नाव एकदा हळूच जिभेवर घोळवून घेतलं आणि अख्खं, न तोडता गायलं. मी यंत्राकडे बघत राहिलो, कारण आबांकडे बघायची माझी हिंमत नव्हती. वैशालीने मान वर केलेली मला फक्त जाणवली.

कडवं संपलं. अक्कांनी वाटी आबांच्या दिशेने सरकवली.

"आखो कोन राह्यनं, भाऊ?"

आबा आत आले. वाकून त्यांनी वाटीत बोटं बुडवली.

"कोनी नही," ते म्हणाले. "बठ्ठा उनात."