दाजींचा कन्सोल

औषधांच्या त्या मोठ्या गोदामात दाजी खरं तर एकाच माणसाचे दाजी होते: डिस्पॅचच्या मॅनेजरचे, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणून. मेहुणा हाक मारायचा ती ऐकून मालकापासून गेटवरच्या वॉचमनपर्यंत सगळेच त्यांना दाजी म्हणू लागले. जिव्हाळा मात्र हाकेपुरताच. दाजी सर्व्हर सांभाळायचे. सर्व्हर बंद तर बिल निघत नाही, बिल नाही तर गाडी हलत नाही. थोडक्यात, सगळ्यांच्या नाड्या दाजींच्या हातात.

बावीस वर्षांत या माणसानं कुणाला काडीचं शिकवलं नाही. यंत्र कुठल्या क्रमानं बंद करायचं, कुठल्या क्रमानं चालू करायचं, सगळं डोक्यात. कागदावर एक ओळ नाही. सर्व्हरची काचेची गार खोली म्हणजे त्यांचं संस्थान. चपला दाराबाहेर काढायच्या, मालकानंसुद्धा. हाताखाली दिलेल्या एका मुलीला त्यांनी तीन महिने नुसत्या केबलींवर चिठ्ठ्या चिकटवायला लावल्या आणि शेवटी शेरा दिला, हिला काही येत नाही.

आणि एक गोष्ट कुणालाच माहीत नव्हती. दाजींचा अपमान झाला की सर्व्हर आजारी पडायचा. कुणी फोनवर आवाज चढवला, कुणी चहाचा कप त्यांच्या आधी दुसऱ्यापुढे केला, की दोन तासांत यंत्र बसलंच म्हणून समजा. मग दाजी आत जाऊन दार लावून घ्यायचे आणि हाताची घडी घालून स्वस्थ बसायचे. बाहेरच्यांचा पुरेसा घाम निघाला की बटण दाबायचे, घाम पुसल्यासारखं करत बाहेर यायचे आणि म्हणायचे, नशीब समजा. लोक हात जोडायचे. चोर तो चोर, वर शिरजोर!

यंदा मालकानं नवा सर्व्हर घेतला आणि त्याच्याबरोबर कन्सोल आला. कन्सोल म्हणजे एक वेगळा छोटा संगणक, सर्व्हरवर नजर ठेवण्यापुरताच. सर्व्हर मेल्यासारखा पडला तरी हा जागा. त्याच्या स्क्रीनवरून सर्व्हर चालू करता येतो, बंद करता येतो, कुठे काय दुखतंय ते बघता येतं. दाजींना आनंदाचं भरतं आलं. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. ज्या मेहुण्याला त्यांनीच हाताला धरून इथे चिकटवला, तो मॅनेजर होऊन त्यांच्या डोक्यावर बसला होता. शेवटच्या दिवसापर्यंत आपल्यावाचून इथलं पान हलता कामा नये, एवढी एकच इच्छा त्यांनी उराशी धरली होती, आणि ती पुरवायला हे यंत्र आयतं चालत आलं.

कन्सोल बसवायला कंपनीचा इंजिनिअर आला, तर दाजींनी त्याला काचेबाहेर स्टुलावर बसवला. मी कालचा पोर नाही, म्हणाले. स्वतः केबल लावली, घड्याळ सेकंदापर्यंत जुळवलं, पासवर्ड घातला. सगळे अधिकार एकट्या आपल्या खात्याला दिले. मेहुण्याला फक्त बघण्याचा अधिकार.

शेवटी स्क्रीननं एक प्रश्न विचारला: सर्व्हरवर केलेल्या प्रत्येक कामाचा अहवाल कंपनीच्या सेवा केंद्राला पाठवायचा का? दाजी अडले. सर्व्हरच्या तब्येतीचा अहवाल, की आणखी कसला? इंजिनिअर चार पावलांवर बसून मोबाइल बघत होता. दार उघडून विचारायचं, एवढंच. पण ज्याला बाहेर बसवला त्यालाच विचारायचं? दाजींनी ‘हो’ दाबलं आणि मान ताठ ठेवून बाहेर आले.

महिन्याभरात मेहुण्यानं बैठकीत, चारचौघांत, त्यांना सांगितलं की सर्व्हर चालू-बंद करायची पद्धत लिहून द्या, उद्या तुम्ही रजेवर गेलात तर आमचं अडायला नको. बोलला अगदी नम्रपणे. दाजी हसून बरं म्हणाले. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला सर्व्हर बसला. सव्वीस गाड्या गेटवर उभ्या, इस्पितळांचे फोनवर फोन, मेहुणा काचेबाहेर येरझाऱ्या घालतोय. दाजींनी एक वाजता यंत्र उठवलं आणि म्हणाले, नशीब समजा.

संध्याकाळी सेवा केंद्राचं पत्र, मॅनेजर म्हणून, मेहुण्याच्या संगणकावर येऊन पडलं. लिहिणारा बिचारा सरळ माणूस. त्यानं विचारलं होतं: आपल्या दाजी नावाच्या खात्यावरून दहा बेचाळीसला सर्व्हर बंद केला गेला, दहा एकोणपन्नासपासून तो पुन्हा चालू करण्यासारखा होता, तरी एकपर्यंत कुणी चालू केला नाही, आपल्याला काही अडचण आहे का?

मेहुण्यानं ते दोनदा वाचलं, छापून घेतलं, घडी करून खिशात ठेवलं.

रविवारी दुपारी तो बहिणीकडे जेवायला आला. जेवणं झाल्यावर त्यानं कागद दाजींसमोर ठेवला. दाजींनी वाचला. चुकून हात लागला, नवं यंत्र आहे, असं काहीबाही त्यांच्या ओठांवर तयारच होतं. पण त्यानं ते विचारलंच नाही.

"दाजी," तो म्हणाला, "आई गेली त्या दिवशी सर्व्हर पाच तास बंद होता. मालकांनी मला गोदामाबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. त्या दिवशी तो खरंच बंद पडला होता का?"

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. आई इस्पितळात होती. दाजींची बायको एकटी तिच्या उशाशी. आई चार वाजेपर्यंत, धाकटा आला का, एवढंच विचारत राहिली. तो पोचला तेव्हा चेहऱ्यावर चादर ओढलेली होती.

"जुनी गोष्ट आहे," दाजी म्हणाले. "आता कुठे आठवायची?"

बायको ताटं उचलत होती, ती थांबली. कुठल्या साली कुठली केबल गेली हे झोपेत सांगणारा नवरा तिनं तीस वर्षं ऐकला होता.

"तुम्हाला आठवत नाही?" तिनं विचारलं.

दाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. खोटं बोलायला जागा राहिली नव्हती, आणि खरं सांगताना खाली मान घालायची त्यांना सवय नव्हती.

"आई गेलीच असती," ते मेहुण्याला म्हणाले. "पण त्या दिवशी सकाळी तू मला न विचारता माझी खुर्ची बाहेर काढायला लावली होतीस."