मुद्दाम आजारी ठेवलेले शेत

तुमची आत्या भुईमुगावर संशोधन करते, एवढेच तुम्हाला ठाऊक आहे. बारवी धरणाकडच्या आपल्या शेतात भात निघाल्यावर तिने गेल्या वर्षी काय केले ते मीच सांगते, कारण तुमचे चुलत आजोबा, म्हणजे माझे दीर, फोनवर निराळेच सांगतील.

आत्याने संकरातून एक नवा वाण तयार केला होता. पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या टिक्का रोगापुढे तो टिकेल अशी तिची खात्री होती, पण सिद्ध करायचे राहिले होते. म्हणून तिने त्याच्या दोन्ही बाजूंना हमखास रोग धरणारा जुना वाण लावला आणि रोगट पाने भिजवलेले पाणी सगळ्या शेतावर फवारले. आजाऱ्यांच्या मधोमध जो धडधाकट राहील तो खरा. मला हे एका वाक्यात कळले. माझ्या दिरांना तिने तीनदा सांगूनही कळले नाही. अंबरनाथच्या कारखान्यात आयुष्यभर साहेब असल्यामुळे ऐकून घ्यायची त्यांची सवय मोडली आहे.

मग आत्या प्रशिक्षणासाठी बाहेरगावी गेली. तिचे वरिष्ठ पाहणीला येणार होते आणि जुन्या वाणावर ठिपके दिसू लागले होते. पाहुण्यांसमोर असले शेत दाखवायची दिरांना लाज वाटली. त्यांनी मजूर लावून ठिपक्यांची पाने खुडून घेतली आणि सगळीकडे बुरशीनाशक मारले. एकदा नाही, दर आठवड्याला.

पाहणीच्या दिवशी शेत हिरवेगार. वरिष्ठांनी दिरांना शाल पांघरली. असल्या लोकांच्या गाडीत शाल असतेच, भिंग नसते.

त्याच सकाळी प्रशिक्षणाहून परतलेली आत्या जुन्या वाणाच्या ओळीत उकिडवी बसून पाने उलटून पाहत होती.

"काका, ह्याला ठिपके का नाहीत?"

"मी बरे केले त्याला. तू नाहीस म्हणून शेत वाऱ्यावर सोडू?"

"तो वाण बरा व्हायला लावलाच नव्हता."

वरिष्ठ हसले. "मॅडम, रिझल्ट छान आलाय. लिहून टाका."

"हा औषधाचा रिझल्ट आहे, सर. माझ्या वाणाचा नाही."

तिने हंगाम वाया गेल्याचे कळवले आणि तिचा वाण पुढच्या चाचणीतून वगळला गेला. दीर माझ्याकडे येऊन कुरकुरले, की वहिनी, तुमच्या लेकीला केल्याची जाण नाही. वाणाला आमच्या सासऱ्यांचे नाव द्यायचेही त्यांनी ठरवून टाकले होते. मी म्हटले, "भावजी, सगळ्या वर्गाला उत्तरे सांगितल्यावर हुशार पोर कोणते ते कसे कळणार?" ते चहा अर्धा टाकून गेले. मी पुन्हा विचारला नाही.

यंदा आत्याने परक्याच्या शेतात पुन्हा पेरणी केली आहे. शेत कुठे आहे, हे दीर मला सारखे विचारतात, आणि मी ठाऊक नाही म्हणते. काल मी तिकडे जाऊन आले. जुन्या वाणावर ठिपके अगदी छान पडले आहेत.